न झालेलं दुखणं

लॅब बंद होणार हे मालकांनी सांगितलं तेव्हा बारकी एका कवळीची हिरडी घासत होती. "हातातलं पुरं कर आणि मग चहाला ये," असं ते म्हणाले तेव्हाच तिच्या लक्षात यायला हवं होतं, कारण मालक कधी कुणाला चहाला बोलवत नसत. दातांचे डॉक्टर आता रुग्णाच्या तोंडात कॅमेरा घालतात, चित्र कॉम्प्युटरवर जातं आणि मशीन दात कापून देतं, हे त्यांनी कपातल्या चहाकडे बघत सांगितलं. मग म्हणाले, "तुझ्या हाताला तोड नाही गं. पण हाताला विचारतो कोण?"

बारकी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी अंगाने काडी होती म्हणून मामाने ठेवलेलं, आणि मोठेपणीही काडीच राहिल्यामुळे ते टिकलं. कॉलेजातून बाहेर पडल्यापासून ती या एकाच लॅबमध्ये होती. प्लास्टरचे साचे ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर नीट टेकतो का बघायचं, मग घासायचं, चकाकवायचं आणि डबीत घालून डॉक्टरकडे पाठवायचं. डबी गेली की विषय संपला. आपण केलेल्या दातांनी कुणी काही चावताना तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

नोकरी शोधायला निघाली तसे तिच्या नाकी नऊ आले. ज्या लॅबमध्ये जावं तिथे पहिला प्रश्न एकच, "कॉम्प्युटरवरचं डिझाइन येतं का?" ती म्हणे, "शिकेन." समोरचा म्हणे, "मग शिकून या." एकाने तर तिची पिशवीतली कवळी हातात घेऊन अर्धा तास कौतुक केलं, आतल्या दोघांना बोलावून दाखवली, आणि शेवटी सांगितलं की त्यांना हिशेब लिहायला माणूस हवा आहे.

अशातच तिला डॉक्टरबाईंचा फोन आला. या बाई पूर्वी लॅबकडून काम करून घेत. दरवर्षी त्या दोन-तीन सोबत्यांना घेऊन समुद्रापलीकडच्या एका देशातल्या बेटांवर जात आणि तिथल्या म्हाताऱ्या कोळ्यांना दात बसवून देत.

"तिथे वीज कधी असते, कधी नसते," बाई म्हणाल्या. "मशीन नेऊन काय करू? मला तुझे हात हवेत. दोन महिने. पगार नाही, हे आधीच सांगते. राहण्या-जेवण्याची सोय आहे, पण प्रवासाचा खर्च ज्याचा त्याने करायचा."

"म्हणजे मी दात केले की ते लावलेला माणूस माझ्यासमोरच असेल?"

"समोर म्हणजे काय, तुझ्या मांडीला मांडी लावून बसेल. आणि टोचलं तर शिव्याही देईल."

बारकीने फोन ठेवला. नोकरी नसलेल्या माणसाने असलं काही मनात आणावं का, हे तिला कळत नव्हतं. पण मनात आलं होतं ते आलंच होतं.

आई पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर तिकीट खिडकीत बसायची. वडील गेल्यापासून घर तिच्या आणि पुढे बारकीच्याही पगारावर चालत होतं, आणि आता एकच पगार उरला होता. तरी आई लगेच नाही म्हणाली नाही. "नोकरी शोधणं थांबवायचं नाही," एवढीच अट घातली. "आणि घरातला पैसा त्यात नको."

मग बारकी लोकांकडे मागायला निघाली. तिला वाटलं होतं, खरं ते सांगितलं की लोक देतील. जुन्या मालकांनी एक पाकीट दिलं आणि वर पाठीवर थाप दिली. चुलत भाऊ हसत म्हणाला, "अरे वा, मग आम्हालाही पाठव की फुकट फिरायला." शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुझीच नोकरी गेलीय आणि तू परक्यांचं काम फुकट करणार? डोकं ठिकाणावर आहे ना?" इमारतीतल्या म्हाताऱ्यांच्या तडा गेलेल्या कवळ्या ती घरीच जोडून देऊ लागली. जोडायच्या रसायनाच्या वासाने आई खिडक्या उघडत फिरायची, आणि म्हातारे पैशांऐवजी आशीर्वाद देऊन जायचे.

हे सगळं मामा बघत होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि गाडी चालवायला शिकवायचा. त्या भागातल्या निम्म्या लोकांना गाडी त्यानेच शिकवली होती, आणि शिकवताना त्याचं तोंड एक क्षण बंद नसे. पायाशी स्वतःचा वेगळा ब्रेक, हातात पाण्याची बाटली आणि शेजारी पळून जाऊ न शकणारा श्रोता. आणखी काय हवं? बारकीला सायकल त्यानेच शिकवली होती. शाळेच्या संमेलनांना वडिलांच्या जागी तोच येऊन बसला होता, आणि तिच्या प्रत्येक नाटकात सगळ्यांत आधी टाळ्या त्याच्याच वाजायच्या.

"तुला मागता येत नाही, बारके," तो म्हणाला. "तू लोकांना असं सांगतेस जणू परीक्षेचं उत्तर देतेयस. समोरच्याच्या काळजाला हात घालायला लागतो. हे काम माझ्यावर सोड. तू नोकरी बघ."

"तू काय सांगणार त्यांना?"

"काय सांगणार म्हणजे? माझी भाची परदेशी निघालीय, हात पुढे करा. आणखी काय!"

त्याने गाडीत पुढच्या काचेखाली एक पत्र्याचा डबा ठेवला. आणि बघता बघता पैसे यायला लागले.

आधी तिचा विश्वासच बसेना. औषधांच्या दुकानदाराने तिला बघून गल्ला सोडला, बाहेर आला आणि हातात नोटा कोंबल्या. "काही लागलं तर संकोच करायचा नाही," तो म्हणाला. चुलत भाऊ आला, तिच्याकडे न बघता पाकीट टेबलावर ठेवून म्हणाला, "त्या दिवशी मी उगाच काहीतरी बोललो. मनात धरू नकोस." शेजारच्या काकूंनी दारात तिला जवळ घेतलं. आणि मामाकडे म्हातारपणी गाडी शिकलेल्या, निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई तर घरी आल्या. शाळेत त्यांनी बारकीला कधी धड हसून दाखवलं नव्हतं. आज त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"धीर सोडायचा नाही," बाई म्हणाल्या. "सगळं नीट होऊन परत येशील."

"हो, बाई. दोनच महिने तर आहेत."

हे ऐकून बाईंना हुंदकाच फुटला.

बारकीलाही रडू आलं. तिला स्वतःची लाज वाटली. आपण लोकांना कोत्या मनाचं समजत होतो आणि लोक केवढे मोठे निघाले, असं तिच्या मनात आलं. कुठल्या बेटावरचे बोळक्या तोंडाचे कोळी, त्यांच्यासाठी ही माणसं रडतात! त्या दिवसांत रोज जेवताना ती हे सगळं आईला सांगत होती आणि आई ताटातल्या घासाकडे बघत "हं, हं" म्हणत होती.

त्याच सुमारास नोकरीचंही जमायला आलं. शहराच्या मध्यभागी एका बाईंची लॅब होती. बाई करड्या शिस्तीच्या, बोटांना कायम प्लास्टर लागलेलं. त्यांनी मुलाखत वगैरे घेतलीच नाही. एक अवघड साचा पुढे ठेवला, म्हातारीचा, खालचं हाड पार झिजलेलं, आणि म्हणाल्या, "बसव दात." बारकी दुपारभर बसली. बाई मधूनमधून येऊन खांद्यावरून बघत. शेवटी त्यांनी ते मेण हातात घेतलं, उजेडाकडे धरून फिरवलं, आणि पहिल्यांदाच हसल्या.

"मशीनवर काम करणारे चार आहेत माझ्याकडे. मशीन चुकलं की निस्तरणारं कुणी नाही. कधी येतेस?"

बारकीने धीर करून बेटांचं सांगितलं. वाटलं, आता हातचं जाणार. बाई म्हणाल्या, "जाऊन ये की. तिथे शिकशील ते माझ्याच कामाला येईल. परवा ये, कागद करून टाकू."

ती घरी पळतच आली. मामाने तिला उचलून गरकन फिरवलं. नोकरीही मिळाली होती आणि प्रवासाच्या पैशांचंही जवळजवळ जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी लॅबवाल्या बाईंचा फोन आला. आवाज वेगळाच होता, जपून बोलल्यासारखा.

"तू आधी तब्येतीकडे बघ. कामाचं नंतर बघू."

"कसली तब्येत, मॅडम?"

"लपवायचं काय त्यात? माझा मुलगा तुझ्या मामांकडे गाडी शिकतो. मी काल घरी तुझं नाव काढलं, तर तो म्हणाला, अगं, त्यांच्यासाठीच तर आम्ही सगळ्यांनी पैसे काढले. प्लास्टरच्या धुळीने फुप्फुसं गेलीत, परदेशात उपचार आहेत म्हणे. अगं, अशा मुलीला मी धुळीत बसवू? उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? मला काल सांगायला हवं होतंस."

 "मी ठणठणीत आहे," असं बारकी म्हणाली तेव्हा तिला खोकल्याची उबळ आली. घाबरून घसा कोरडा पडला होता, एवढंच. पलीकडून बाई हळूच म्हणाल्या, "काळजी घे, बाळा," आणि फोन ठेवला.

मामा कुठल्या वेळी कुठे असतो हे तिला पाठ होतं. मैदानामागच्या मोकळ्या रस्त्यावर त्याची गाडी गोगलगायीच्या गतीने येत होती. स्टिअरिंगमागे एक जाडे गृहस्थ घामाघूम होऊन बसले होते. बारकी रस्त्यात आडवी उभी राहिली. मामाने आपल्या पायाजवळचा ब्रेक दाबला. ती मागचं दार उघडून आत बसली.

"मामा, तू लोकांना काय सांगितलंस?"

मामाने मागे वळून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. तरी तो गृहस्थांना म्हणाला, "तुम्ही चालवा हो. क्लच हळू सोडा."

"मला फुप्फुसाचं दुखणं आहे असं सांगितलंस?"

"मी तसं म्हणालो नाही. मी म्हणालो, लॅबमध्ये धूळ असते. असते की नाही? म्हणालो, सगळी धूळ पोरीच्या छातीत जाते. जाते की नाही? म्हणालो, परदेशी जायचंय. पुढचं लोकांनीच जुळवलं."

"आणि तू जुळवू दिलंस."

गाडी गचके खात थांबली. गृहस्थ मागे वळले होते. "एक मिनिट. म्हणजे यांना काहीही झालेलं नाही?"

"तुम्ही पुढे बघा," मामा म्हणाला.

"अहो, पुढे काय बघा! माझ्या बायकोने देवापुढे..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं आणि पट्टा काढून खाली उतरले. दार उघडंच टाकून ते चालत निघून गेले.

मग मामा भडकला. त्याच्या डोळ्यांतही पाणी होतं, हे तिने पाहिलं. "खरं सांगून काय मिळालं होतं तुला? एक पाकीट आणि शेजारणीचे टोमणे! कुणाच्या तरी म्हाताऱ्याला दात बसवायचेत म्हणून कोण खिशात हात घालतो? माणूस मरायला टेकलं की देतात. मी जगात फिरतो, बारके. तुला जायचं होतं ना? मग झालं तर!"

"माझी नोकरी गेली, मामा. लॅबवाल्या बाईंनी नाही म्हटलं. त्यांचा मुलगा तुझ्याकडे शिकतो."

 असं काही होईल हे मामाच्या स्वप्नातही नव्हतं, हे उघड होतं. त्याने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच परत बंद केली.

"मी त्या बाईंना समजावतो," तो म्हणाला. "सांगतो की आता बरी झालीस."

बारकी गाडीतून उतरली. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, ते तिला त्या वाक्यात कळलं. आताही तो नवं खोटंच शोधत होता.

आई घरी आली तेव्हा बारकीने सगळं एका दमात सांगितलं. तिला वाटलं, आता आई तशीच मागे फिरेल, मामाच्या घरी जाईल आणि त्याला सोलून काढेल. आईने चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली हात धुवायला लागली. तिचे हात कितीतरी वेळ धुऊन होईनात.

"आई?"

"मला माहीत होतं," आई पाठमोरीच म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. खिडकीवर कुणीतरी विचारलं, मुलीचं ऐकलं, कशी आहे आता? मला काही कळेना. मग त्याला विचारलं, तर तो म्हणाला, ताई, तू फक्त गप्प राहा. मी गप्प राहिले. खोटं एक अक्षर बोलले नाही मी. कुणी विचारलं की नुसती मान हलवली."

"मी रोज जेवताना तुला सांगत होते, लोक किती चांगले आहेत म्हणून. तू ऐकत होतीस."

आई वळली. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "तुझा उतरलेला चेहरा बघवत नव्हता गं. आणि..." ती अडखळली. "इतकी वर्षं त्या खिडकीत बसतेय. लोकांना माझा हात दिसतो, पैसे घेणारा. कुणी वाकून तोंड पाहिलं नाही. आता येणारा प्रत्येक जण वाकायचा. ताई, जेवलात का, विचारायचा."

मामाचा राग बारकीला समजून घेता आला असता; तो तसाच होता. पण आई एवढे दिवस समोर बसून घास गिळत राहिली, हे तिला पेलेना. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

सकाळी तिने डॉक्टरबाईंना फोन केला आणि झालं ते सांगून टाकलं.  बाई म्हणाल्या, "हे पैसे घेऊन तू माझ्याबरोबर येऊ शकत नाहीस, हे तुलाही कळतंय ना?"

"म्हणूनच फोन केला."

"तिकिटं थांबणार नाहीत गं. मला दुसरं कुणी बघावं लागेल." बाईंना वाईट वाटलं होतं, ते आवाजात कळत होतं. पण त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

बारकी मामाकडून डबा घेऊन आली आणि पैसे परत करायला घरोघर गेली. मागताना लाज वाटली नव्हती तेवढी देताना वाटली. चुलत भावाने पैसे घेतले आणि दार असं लावलं की आवाज जिन्यात घुमला. औषधांचा दुकानदार तर ऐकायलाच तयार नव्हता. "तुम्हाला कुणाचे उपकार नकोत, हे मी समजू शकतो," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. बारकी जितकं ठासून सांगे की मी बरी आहे, तितका त्याचा चेहरा करुण होई. शेवटी त्याने पैसे घेतले आणि खोकल्याच्या औषधाची बाटली बळेच तिच्या पिशवीत टाकली.

गणिताच्या बाईंनी तिला आत बोलावलं नाही. उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं.

"तुला ठाऊक होतं?"

"नाही, बाई. शपथ घेते."

"मी तुझा चेहरा हातात धरला तेव्हाही नव्हतं?"

"नव्हतं. मला वाटलं, तुम्ही त्या कोळ्यांसाठी रडताय."

बाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. "पैशांचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मला रात्ररात्र झोप नव्हती तुझ्या काळजीने. माझी धाकटी बहीण अशीच गेली, धाप लागून. मला ते सगळं पुन्हा दिसत होतं. तुझ्या मामाला सांग हे." आणि त्यांनी दार लोटलं.

ती लॅबवाल्या बाईंकडेही गेली, छातीचा फोटो काढून घेऊन. बाईंनी तो खिडकीशी धरून नीट पाहिला. "स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "मी तुझ्यावर विश्वास ठेवते. पण माझ्या मुलाच्या सांगण्यावरून इथल्या माणसांनीही पैसे दिलेत. ती तुझ्या शेजारी बसून काम कशी करतील, सांग."  बाईंनी तो फोटो परत पाकिटात घालून दिला.

पुढे तिला काम मिळालं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका इस्पितळाच्या दातांच्या विभागात. तात्पुरतं, रजेवर गेलेल्या कुणाच्या तरी जागेवर. तिथे मामाला कुणी ओळखत नव्हतं. पगार आधीपेक्षा कमी होता आणि काम बरंचसं साचे धुण्याचं होतं. तिने इस्पितळाजवळच एक खोली घेतली, दोन परिचारिकांबरोबर. आईला म्हणाली, "येण्याजाण्यात वेळ जातो." आईने कारण विचारलं नाही. ताटं-वाट्या देऊ का, एवढंच विचारलं. बारकी दर सुट्टीला घरी जाते, भाजी आणून देते, आईचे पाय चेपते. आई सांगते की आता कुणी विचारलं तर ती स्पष्ट सांगते, मुलगी धडधाकट आहे आणि पहिल्यापासून होती. तसं सांगायला लागल्यापासून खिडकीशी फारसं कुणी वाकत नाही.

अशाच एका सुट्टीला मामा आला. त्याची शिकवणी निम्म्यावर आली होती, तो वाळला होता. येताना त्याने एक जाड पाकीट आणलं होतं. जुनी दुसरी गाडी विकून टाकली म्हणाला.

"डॉक्टरबाई यंदाही जाणार आहेत ना? हे माझे, घामाचे. कुणाला एक शब्द सांगितला नाही. जा तू."

बारकीने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. पाकिटाला हात लावला नाही.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "आई येईल एवढ्यात."

मामाने पेला उचलला होता, तो तसाच हातात राहिला. जन्मापासून तिने त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"बारके, अगं, मला 'तुम्ही' काय म्हणतेस? मी परका आहे का?"

तिलाही ते ठरवून म्हणायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं होतं. पण आता मागे घ्यावंसंही वाटेना. ती आत गेली आणि आईसाठी भात लावला. बाहेरच्या खोलीत मामा एकटाच बसून राहिला, आई येईपर्यंत.